हवामान निधी: पैसा कुठे आहे आणि प्रस्ताव कुठे अडतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: दुष्काळी पट्ट्यातल्या चाळीस-पन्नास गावांत पाणी आणि शेतीचं काम करणाऱ्या एका संस्थेला हवामान बदलासाठीचा मोठा प्रकल्प उभा करायचा आहे. आंतरराष्ट्रीय निधीत अब्जावधी डॉलर आहेत म्हणतात, मग ते गावापर्यंत का पोचत नाहीत? अर्ज कुठे करायचा? आणि जिथे तिथे ऐकू येणारी 'क्षमता बांधणी' म्हणजे नेमकं काय करायचं?

पहिली गोष्ट, ग्रीन क्लायमेट फंडाकडे, म्हणजे हवामान बदलाच्या कामांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीकडे, जिल्ह्यातली संस्था किंवा जिल्हा परिषद थेट अर्ज करू शकत नाही. तिथे प्रस्ताव फंडाने मान्यता दिलेल्या, म्हणजे 'मान्यताप्राप्त', संस्थेमार्फतच जातो. भारतात नाबार्ड (शेती आणि ग्रामीण विकासाची बँक) आणि सिडबी (लघुउद्योगांची बँक) या अशा संस्था आहेत, शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमासारख्या (यूएनडीपी) आंतरराष्ट्रीय संस्था आहेत. प्रस्तावाला देशाचं ना-हरकत पत्र लागतं आणि ते केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय देतं. तुमची जागा 'अंमलबजावणी करणारी संस्था' किंवा तिची भागीदार, ही. ती जागाही छोटी नाही, कारण गावातली माहिती, गावाचा विश्वास आणि काम करणारी माणसं तुमच्याकडे असतात. मान्यताप्राप्त संस्थेला नेमकी त्याचीच गरज असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा निधी पूर्ण प्रकल्पाचा खर्च उचलेल असं धरून चालू नका. भारताचा ग्रीन क्लायमेट फंडातला पहिला प्रकल्प ओडिशाचा, भूजल पुनर्भरण आणि सौर सिंचनाचा, नाबार्डमार्फत २०१७ मध्ये मंजूर झालेला. एकूण खर्च सुमारे १६.६ कोटी डॉलर, त्यात फंडाचे साधारण ३.४ कोटी, म्हणजे पाचवा हिस्सा. किनारपट्टीचा प्रकल्प २०१८ चा, यूएनडीपीमार्फत, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशासाठी, ज्यात आपला सिंधुदुर्गही आहे. त्यात एकूण सुमारे १३ कोटी डॉलरपैकी फंडाचं अनुदान ४.३४ कोटी, म्हणजे एक तृतीयांश. उरलेल्या पैशात राज्याचा आणि चालू योजनांचा मोठा वाटा. थोडक्यात, राज्याच्या अंदाजपत्रकात ज्या कामाला आधीच जागा नाही, त्याला बाहेरून पैसा मिळणं फार अवघड. म्हणून सुरुवात फंडाच्या मुख्यालयापासून, म्हणजे दक्षिण कोरियातल्या सोंगडोहून, न करता जिल्हा नियोजन समितीपासून करा.

एक इशारा इथेच देतो. देशाचा स्वतःचा 'राष्ट्रीय हवामान बदल अनुकूलन निधी' २०१५ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रात त्यातून नंदुरबार आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या ५१ गावांचा पाणी आणि शेतीचा प्रकल्प झाला. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये या निधीचं 'योजना' हे स्वरूप काढून टाकलं गेलं. त्याचे जुने नमुने अजून हातोहात फिरतात आणि लोक त्यात आकडे भरत बसतात. तो नमुना शिकण्यासाठी चांगला आहे, पण त्या वाटेने पैसा येईल या भरवशावर वर्षाचं नियोजन करू नका.

आता प्रस्ताव अडतो कुठे? माझ्या मते दहापैकी सात-आठ प्रस्ताव एकाच ठिकाणी अडतात: हवामानाचं कारण. परीक्षक विचारतो की हे काम हवामान बदलासाठी आहे की गावाच्या जुन्या मागासलेपणासाठी? दोन्ही कामं गरजेचीच असतात, पण हा निधी पहिल्यासाठी आहे. आणि आपल्याकडचे प्रस्ताव सुरू होतात ते "अलीकडे पाऊस लहरी झाला असून शेतकरी हवालदिल झाला आहे" या वाक्याने. वाक्य खरं असेल, पण त्यात मोजता येईल असं काहीच नाही.

त्याऐवजी काय लिहायचं? भारतीय हवामान विभागाची रोजच्या पावसाची, अक्षांश-रेखांशाच्या पाव-पाव अंशाच्या चौकटींतली माहिती १९०१ पासूनची मिळते. तुमच्या तालुक्यावर येणाऱ्या चौकटी निवडा. १९६१ ते १९९० आणि १९९१ ते २०२० असे तीस-तीस वर्षांचे दोन काळ घ्या. प्रत्येक वर्षी जून ते सप्टेंबरमध्ये २.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे दिवस किती, पावसाचे दहा दिवसांपेक्षा मोठे खंड किती, पहिला मोठा खंड कोणत्या आठवड्यात, आणि एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस किती वेळा, एवढंच मोजा. मग तो खंड पिकाच्या कोणत्या अवस्थेवर येतो ते जोडा. सोयाबीन फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना असेल आणि नेमका तेव्हाच खंड वाढलेला दिसत असेल, तर तुमच्याकडे कारण आहे. एकूण पाऊस घटलेला नसला तरी चालतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खरी अडचण वाटणीची असते, बेरजेची नसते.

इथे दोन चुका हमखास होतात. महसूल मंडळांतली 'महावेध'ची स्वयंचलित हवामान केंद्रं फार उपयोगी आहेत, पण त्यांची माहिती तीस वर्षांची नाही. तेवढ्यावर 'हवामान बदलला' असं म्हणता येत नाही. ती दोन शेजारच्या मंडळांतला फरक दाखवायला वापरा. दुसरी चूक भविष्याच्या अंदाजात होते. एकाच हवामान-प्रारूपाचा (मॉडेलचा) निकाल घेऊन "२०५० पर्यंत पाऊस १२ टक्के वाढेल" असं ठोकून दिलं जातं. अनेक प्रारूपं घ्या, त्यांचा पल्ला द्या, आणि तापमानाबद्दल ती एकमताने बोलतात पण पावसाबद्दल नाहीत हे उघड लिहा. मग अशी कामं निवडा जी पाऊस वाढला किंवा घटला, दोन्ही परिस्थितींत उपयोगी पडतील. जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवणं हे असं काम आहे. शेततळं मात्र प्रत्येक ठिकाणी तसं नसतं.

शेततळ्याचं उदाहरण जवळून बघू, कारण जवळपास प्रत्येक प्रस्तावात ते असतं. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार दीडास एक. वरचं तोंड ९०० चौरस मीटर, तळ २१ बाय २१ म्हणजे ४४१. अशा तळ्यात २,७०० घनमीटर पाणी मावत नाही, १,९७१ मावतं. बरेच प्रस्ताव इथेच सव्वापट-दीडपट आकडा लिहून मोकळे होतात. आता फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस पाणी साठवलं, रोजचं बाष्पीभवन ७ मिलिमीटर आणि पाण्याचा पृष्ठभाग सरासरी ७०० चौरस मीटर धरला, तर ५८८ घनमीटर पाणी हवेत गेलं. तळ्याच्या ३० टक्के! तळं पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं असेल आणि खंडाच्या काळात ऑगस्टमध्येच पिकाला संरक्षित पाण्याची एक पाळी दिली, तर हा तोटा फार होत नाही. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरून ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरलं, तर जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी आपण वर काढून उन्हात ठेवलं. शेजारच्याची विहीर त्यामुळे लवकर आटते. अनुभवी परीक्षक हा प्रश्न विचारतोच: तळं कशाने भरणार? याचं लेखी उत्तर, ग्रामसभेचा भरण्याबाबतचा नियम आणि तो पाळला जातो हे तपासायची रीत, तिन्ही प्रस्तावात असली पाहिजेत.

गावाचा पाण्याचा ताळेबंद हाही असाच पायाचा दगड आहे. 'पोकरा'त, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, आयआयटी मुंबईच्या मदतीने गावोगाव ताळेबंद मांडले गेले, आणि ती पद्धत उचलण्यासारखी आहे. हिशोब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. समजा, गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ६५० मिलिमीटर, तर गावावर ६,५०० टीसीएम (म्हणजे हजार घनमीटर) पाणी पडलं. वाईट वर्षी ४०० मिलिमीटर पडला तर ४,०००. दोन हजार लोकांना माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला ४० टीसीएम लागतं. हजार मोठी जनावरं रोज ५० लिटरने १८ टीसीएम पितात. आणि ४० हेक्टर ऊस, हेक्टरी २०,००० घनमीटर धरला, तर ८०० टीसीएम. म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या वीसपट पाणी चाळीस हेक्टरांत जातं. हा आकडा फळ्यावर लिहून ग्रामसभेत वाचला की चर्चा आपोआप बंधाऱ्यांवरून पीकपद्धतीवर येते. प्रकल्पाचा आराखडाही तिथूनच बदलतो, आणि तो बदलला पाहिजे. फक्त एक काळजी घ्या: पडलेलं सगळं पाणी 'उपलब्ध' समजू नका. त्यातलं बरंच जमिनीतून आणि पिकांतूनच परत हवेत जातं. अडवता येतं ते वाहून जाणारं, आणि त्यातलंही काही खालच्या गावाच्या हक्काचं असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेची पातळी मागून घ्या आणि ताळेबंद तिच्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील तर ताळेबंद चुकला आहे.

यानंतर येतो 'वाढीव खर्च', म्हणजे फक्त हवामान बदलामुळे वाढलेला खर्च. रस्त्याच्या मोरीचं उदाहरण घ्या. ९०० मिलिमीटर व्यासाच्या नळीचं तोंड ०.६४ चौरस मीटर, १,२०० मिलिमीटरच्या नळीचं १.१३, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. मुसळधार पावसाचे दिवस वाढल्यामुळे मोठी नळी टाकायची ठरली आणि समजा, खर्च १० लाखांवरून १३ लाखांवर गेला, तर हवामानाचा खर्च ३ लाख, १३ लाख नाही. रस्ता तर तसाही होणारच होता. हवामान अंदाजपत्रक करतानाही हीच शिस्त लागते. ओडिशाने २०२० पासून आणि मुंबई महापालिकेने २०२४ पासून हवामान अंदाजपत्रक मांडायला सुरुवात केली. जिल्ह्यालाही ते जमू शकतं. जिल्हा वार्षिक योजनेतल्या प्रत्येक शीर्षासमोर हवामानाशी किती संबंध आहे ते लिहा, १००, ५०, २५ की शून्य टक्के, आणि पुढच्या रकान्यात कारण लिहा. कारण एका ओळीत लिहिता येत नसेल तर शून्य. सगळंच हिरवं दाखवायचा मोह होतो, पण तसं केलं की सह-वित्तपुरवठ्याच्या, म्हणजे फंडाशिवायच्या उरलेल्या पैशाच्या, तपासणीत एक आकडा पडला तरी बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो.

आता क्षमता बांधणी. हा शब्द ऐकला की दोन दिवसांचं प्रशिक्षण, जेवण, फाइल आणि प्रमाणपत्र डोळ्यांसमोर येतं. त्याने क्षमता येत नाही, आणि याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात चांगल्या माणसांचा वेळ जातो. क्षमता म्हणजे एखादं काम पुढच्या वेळी बाहेरच्या माणसाशिवाय करता येणं. म्हणून शिकवण्याचा विषय 'हवामान बदल म्हणजे काय' हा नसावा, तर हातातला खरा प्रस्ताव असावा. पाच कामं आणि ती करणारी पाच माणसं ठरवा: पाऊस-भूजलाची माहिती हाताळणारा, कामांची अंदाजपत्रकं करणारा अभियंता, निधीचा हिशोब ठेवणारा, गावातल्या चर्चा आणि महिला-भूमिहीनांचा विषय सांभाळणारी, आणि हे सगळं एका भाषेत लिहिणारा. शेवटचं काम बहुतेकदा कोणालाच दिलेलं नसतं. मग पाच जणांचे पाच तुकडे चिकटवून प्रस्ताव तयार होतो, आणि पान ४ वर लाभार्थी १८,००० तर पान ३१ वर २२,५०० असतात.

सरकारी यंत्रणेत तीन वर्षांनी बदली होते, कंत्राटी सल्लागार त्याआधीच जातो, आणि त्याच्याबरोबर लॅपटॉपमधली माहितीही जाते. म्हणून प्रत्येक कामाला एक जोडीदार ठेवा, कच्ची माहिती आणि तिच्यावर केलेली गणितं कार्यालयाच्या सामाईक जागेत ठेवा, आणि सल्लागाराच्या करारात शेवटचा हप्ता 'माहिती, सूत्रांसह तक्ते आणि नकाशांच्या मूळ फायली सुपूर्द केल्यावर' असा लिहा. तयार पीडीएफवर पैसे देऊ नका. यशदासारख्या (राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था) संस्थेत पाठवायचं तर माणूस एकटा न पाठवता तालुक्याची जोडी पाठवा: कृषी विभागाचा एक आणि पंचायत समितीचा एक. परत आल्यावर त्यांनी तीन महिन्यांत दोन गावांचे ताळेबंद पूर्ण करायचे, हे आदेशातच असू द्या.

तयारीला लागणारा पैसा हा वेगळा विषय आहे आणि तिथेच छोट्या संस्था थकतात. एकूण प्रकल्पाच्या ३ ते ५ टक्के तयारीत जातील असं धरा. ग्रीन क्लायमेट फंडाची प्रकल्प-तयारीसाठीची मदत १५ लाख डॉलरपर्यंत मिळू शकते, पण तीही मान्यताप्राप्त संस्थेमार्फत आणि संकल्पना टिपण पसंत पडल्यावर. त्याआधीचे महिने तुमचेच. त्यासाठी जिल्हा नियोजनातला नावीन्यपूर्ण योजनांचा भाग आणि कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) हे दोन स्रोत योग्य. सीएसआरवाल्यांना झाडं आणि फलक हवे असतात, पण त्यांना पायाभूत सर्वेक्षणाचा अहवाल त्यांच्या नावाने द्यायची तयारी दाखवली तर बरेच जण ऐकतात. परदेशी देणगी थेट घेणार असाल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आधी वाचा. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. चार छोट्या संस्थांना बरोबर घेऊन एकीच्या खात्यात पैसा मागवायचा, हा जुना प्रघात आता चालत नाही.

पुढचा क्रम असा. दहा-बारा पानांचं संकल्पना टिपण, मान्यताप्राप्त संस्थेशी चर्चा, राज्याच्या पर्यावरण आणि वातावरणीय बदल विभागाचा होकार, राज्याच्या कृती आराखड्यातल्या कोणत्या कलमात हे बसतं त्याचा उल्लेख, केंद्राचं ना-हरकत पत्र, मग व्यवहार्यता, पर्यावरण-सामाजिक परिणाम आणि लिंगभावाचं विश्लेषण, फंडाच्या सचिवालयाचे प्रश्न, स्वतंत्र तांत्रिक पॅनेल आणि शेवटी मंडळाची बैठक. तपासणीचा काळ २४ महिन्यांवरून ९ वर आणायचं फंडाने ठरवलं आहे, पण तुमच्या बाजूची तयारी धरून दोन वर्षांचाच हिशोब करा. २.५ कोटी डॉलरपर्यंतच्या, कमी जोखमीच्या प्रकल्पांसाठी सोपी प्रक्रिया आहे. चाळीस-पन्नास गावांसाठी तीच मागा.

लिंगभावाचं विश्लेषण शेवटच्या आठवड्यात परिशिष्ट म्हणून चिकटवलं जातं. ते आधी करा, कारण त्यातून योजनेची रचनाच बदलते. अनुदानासाठी सात-बारा आणि आठ-अ मागितला की ज्या बाईच्या नावावर जमीन नाही ती तिथेच बाहेर पडते, शेतातलं निम्मं काम तिने केलं तरी. भूमिहीनांचंही तेच. त्यासाठी बचत गटाच्या नावावर मालमत्ता, भाडेतत्त्वावर औजारं, गायरानावरचा चारा, अशी जमिनीच्या कागदाशिवायची कामं वेगळी ठेवावी लागतात. आणि थेट बँक खात्यावर अनुदान देण्याच्या पद्धतीत आणखी एक अडथळा आहे. पूर्वसंमती मिळते, शेतकरी स्वतःच्या पैशाने काम करतो, मोका तपासणी होते, आणि मग रक्कम येते. मधले तीन-चार महिने ज्याला पैसा फिरवता येत नाही तो अर्जच करत नाही. ज्याच्यासाठी प्रकल्प काढला, तोच मागे राहतो. यावर गटामार्फत अल्पमुदतीचं कर्ज किंवा पुरवठादाराला थेट टप्प्याने रक्कम, यांपैकी एक व्यवस्था प्रस्तावातच लिहून ठेवा. मंजुरीनंतर ती घालता येत नाही.

मंजुरी मिळाल्यावर अडतं ते हप्त्यांत. दुसरा हप्ता पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय सुटत नाही, आणि प्रमाणपत्र एका गावाचं अडलं की पन्नास गावांचं अडतं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मातीची कामं थांबतात आणि मार्चअखेर पैसा परत जातो. म्हणून वर्षाचं वेळापत्रक उलटं मांडा. माती आणि सिमेंटची कामं डिसेंबर ते मे, त्यांची तांत्रिक मान्यता ऑक्टोबरपर्यंत, मोजमापं पावसाळ्याआधी. गावांचे हिशोब दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बंद करा आणि जे गाव मागे आहे तिथे लेखापाल स्वतः जाऊ द्या. खात्यावरचं व्याज वेगळं दाखवा. ते खर्चात मिसळलेलं दिसलं की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि पुढची सहा महिन्यांची पत्रापत्री त्यावरच होते.

तुम्ही आज जिथे आहात तिथून पहिलं काम: या पन्नासांपैकी चार गावं निवडा, दोन ओढ्याच्या वरची, दोन खालची. ऑक्टोबरच्या विहीर-पातळीपासून मेपर्यंत ताळेबंद पूर्ण करा आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्यांतली कामं चढवून घ्या. जिल्हा नियोजनाचा मसुदा डिसेंबर-जानेवारीत ठरतो, तेव्हा या चार गावांचे कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असले पाहिजेत. नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांना भेटायला जाताना हेच कागद घेऊन जा.